यंत्रे दिली, सवड कोण देणार?

वर्गात इंटरनेट आणायचे म्हटले की दोन मते हटकून ऐकू येतात. पहिले असे, की खडू-फळ्यावर पिढ्या शिकल्या. मुले घरी मोबाइल सोडत नाहीत, तर शाळेत तरी तो नको. दुसरे मत म्हणते, प्रत्येक शिक्षकाच्या खिशात स्मार्टफोन आहे, २०१७पासून दीक्षा हे सरकारी शिक्षण-पोर्टल आहे, बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत; आता आणखी मदत ती कसली? वसई-विरारच्या शाळांपुरता विचार केला तरी ही दोन्ही मते टिकत नाहीत.

पहिली शंका पोकळ नाही. शिक्षणातल्या तंत्रज्ञानाच्या परिणामांविषयी भक्कम, निःपक्ष पुरावा तोकडा आहे, असे युनेस्कोचा २०२३चा अहवालही सांगतो. पण शिक्षकांच्या संगणक-कौशल्याचे निकष जेमतेम निम्म्या देशांनी ठरवले आहेत, हेही त्याच अहवालात आहे. वापरणाऱ्याची तयारीच करून घेतली नसेल, तर साधनाला नापास कसे करणार? शिवाय काही गोष्टी फळ्यावर उतरतच नाहीत. सोपाऱ्यात १८८२मध्ये भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, तर १९५६मध्ये भुईगावला नवव्याचा. यातला नववा लेख आजारपण, लग्न, बाळंतपण, प्रवास अशा प्रसंगी होणाऱ्या विधींना फारसे फळ नाही असे सांगतो आणि नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे हेच खरे मंगल ठरवतो. त्या दगडाचे छायाचित्र नालासोपाऱ्यातल्या सहावीच्या वर्गात भिंतीवर मोठे करून दाखवा, चार ब्राह्मी अक्षरे वहीत उतरवून घ्या, मग मजकुराचा अर्थ वाचा. लग्नातल्या हळदीच्या खर्चापर्यंत चर्चा मुलेच नेतील. भूगोलाचेही तसेच. गूगल अर्थवर १९८४पासूनची उपग्रहचित्रे ओळीने लावली की शेते आणि मोकळ्या जमिनी इमारतींखाली गेलेल्या दिसतात. जुलै २०१८मध्ये नालासोपाऱ्याचे रेल्वे रूळ पाण्याखाली का गेले, हा प्रश्न मग पाठांतराचा राहत नाही. यासाठी एकाही मुलाच्या हातात मोबाइल द्यावा लागत नाही.

दुसऱ्या पक्षाची चूक मोठी आहे, कारण ती धोरणात उतरते. हा पक्ष रणजितसिंह डिसले गुरुजींचा दाखला देतो. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या या शिक्षकाला २०२०चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे खरेच. पण एखाद्याच्या जिद्दीवर हजारो शाळांची व्यवस्था उभी राहत नाही. बहुतेक शाळांत इंटरनेट आले ते वर्गाच्या नव्हे, कार्यालयाच्या दाराने. सरल आणि यू-डायस प्लस ही सरकारी माहिती-पोर्टले, पोषण आहाराच्या नोंदी: शिक्षकाचा इंटरनेटशी रोजचा संबंध माहिती भरण्याचा. व्हॉट्सअ‍ॅप चालवता येणे वेगळे आणि चाळीस मिनिटांच्या तासात कोणते चित्र कधी दाखवायचे, कुठे थांबून प्रश्न विचारायचा, हे ठरवता येणे वेगळे. व्हिडिओ पुढे सरकवून मिळवलेल्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राने ते साधत नाही.

म्हणून मदत हवी ती सोबतीची आणि सवडीची. केरळने २००१मध्ये आयटी@स्कूल सुरू केले, तेव्हा शिक्षकांमधूनच प्रशिक्षक तयार केले. आपल्याकडे शाळांच्या गटांची केंद्रे आहेत, तिथे शिक्षकांच्या शिक्षण परिषदा भरतात. तिथे परिपत्रके वाचण्याऐवजी पुढच्या महिन्याचे दोन पाठ बसवता येतील. केंद्रातल्याच एका जाणत्या शिक्षकाला आठवड्यातला एक दिवस मोकळा द्यावा आणि त्याने सहकाऱ्यांच्या वर्गात शेजारी उभे राहावे. तुंगारेश्वरपलीकडच्या पाड्यांवर रेंजचा भरवसा नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे पाठाचे साहित्य आधीच उतरवून पेनड्राइव्हवर नेणे. जाणता शिक्षक सहकाऱ्यांकडे जाईल त्या दिवशी त्याचा स्वतःचा वर्ग कोण घेणार, हाही प्रश्न खरा. बदली शिक्षकाचे मानधन द्यावे लागेल आणि ते यंत्रखरेदीच्या निधीतूनच बाजूला काढावे लागेल. कपाटात कुलूपबंद पडलेल्या प्रोजेक्टरपेक्षा हा खर्च नक्कीच वसूल होईल. पुढची टॅबची निविदा काढण्याआधी प्रशासनाने एवढी तरतूद दाखवावी.