पडद्यावरील मजकूर व वाचकाचा मान

केवळ अक्षरांच्या द्वारे बोलणाऱ्या संगणकीय प्रोग्रॅमनेही काही शिष्टाचार पाळावा, असे आमचे मत आहे. सन १९७८ मध्ये आलेल्या व्हीटी-१०० टर्मिनलच्या पडद्यावर २४ ओळी मावत. प्रोग्रॅमने २०० ओळी एकदम सोडल्या, की बहुतेक ओळी वाचून होण्यापूर्वीच वर निघून जात; त्यांत एखादी चूक कळविणारी सूचना असल्यास तीही हरपे. त्याच वर्षी बर्कली येथील विद्यापीठात डॅनियल हालबर्ट यांनी ‘मोर’ हा प्रोग्रॅम रचला. तो पडदाभर मजकूर दाखवून थांबतो व वाचकाने कळ दाबल्यावरच पुढे सरकतो.

तथापि थांबणेही विवेकाने असावे. मजकूर फाइलीत जात असेल, तर तेथे कळ दाबणारा कोणी नसतो. म्हणूनच युनिक्समधील ‘एलएस’ ही आज्ञा पडद्यावर नावे स्तंभांत मांडते. फाइलीत मात्र ओळीस एकच नाव लिहिते. समोर कोण आहे हे ओळखून बोलणे, हेच सौजन्य होय.

विद्यार्थिमित्रहो, भराभर धावणाऱ्या ओळी पाहून घरची मंडळी कौतुक करतील. परंतु तेवढ्याने संतुष्ट होऊ नका. आपण लिहिलेले दुसऱ्यास स्वस्थपणे वाचता येते काय, हे अवश्य पाहा.