स्कॅनर हाती आला, आता विद्या हवी

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपले कारागीर पिढ्यान् पिढ्या आहेत. उस्तादाच्या हाताखाली शागीर्द तयार व्हायचा आणि पुढे तोच उस्ताद व्हायचा. नुसत्या आवाजावरून इंजिनाचा दोष ओळखणारे हात या धंद्याने घडविले. परंतु आज गॅरेजच्या दारात येणाऱ्या गाडीचा निम्मा दोष आवाजात सापडत नाही, तो तारांत आणि सेन्सरमध्ये दडलेला असतो. तो शोधण्याची विद्या आपण शिकलो नाही तर हा धंदा आपल्या हातून जाईल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बदल किती झाला ते पाहा. १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हा तिला कार्ब्युरेटर होता. स्क्रू फिरवून पेट्रोल-हवेचे मिश्रण ठरविता येत असे. पुढे एप्रिल २०१९ पासून मोटारींना एबीएस आणि जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि मोटारसायकलींनाही फ्युएल इंजेक्शन आले. आता पेट्रोल किती सोडायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची, हे कंट्रोल युनिट ठरविते.

यावर अनेक बांधवांनी उपाय म्हणून स्कॅनर विकत घेतला. ते चांगलेच केले. पण स्कॅनर फक्त कोड दाखवितो, दोष शोधून देत नाही. पी ०१७१ हा नेहमी दिसणारा कोड घ्या. त्याचा अर्थ एवढाच, की इंजिनाला मिळणारे मिश्रण पातळ आहे. ही बातमी ऑक्सिजन सेन्सरने दिलेली असते, म्हणून काही जण थेट ऑक्सिजन सेन्सरच बदलून मोकळे होतात. बातमी आणणाऱ्यालाच शिक्षा! गिऱ्हाईकाचे हजारो रुपये जातात, आठवड्याने दिवा पुन्हा पेटतो आणि गिऱ्हाईक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची वाट धरते ते कायमचेच.

जाणकार मिस्त्री काय करील? तो स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचा आकडा पाहील. कंट्रोल युनिट किती जादा पेट्रोल सोडत आहे, हे तो आकडा सांगतो. इंजिन संथ चालू असताना आकडा मोठा असेल आणि वेग वाढविल्यावर उतरत असेल, तर बहुधा व्हॅक्यूमची नळी किंवा गॅस्केट हवा खात आहे. उलट जोर दिल्यावर आकडा वाढत असेल, तर पेट्रोलचा पंप, फिल्टर आणि दाब तपासावा. कधी कधी दहा रुपयांच्या नळीत दोष निघतो. अशा वेळी खरे सांगून दहा रुपयांची नळी आणि आपली रास्त मजुरी घेणारा कारागीर गिऱ्हाईकाला आयुष्यभर पुरतो.

दुसरी गरज मल्टीमीटरची. जुन्या सवयीने काही वायरमन कंट्रोल युनिटच्या तारेलाही टेस्ट लॅम्प लावतात. बल्ब जास्त करंट ओढतो आणि महागडे युनिट जळू शकते. तेथे डिजिटल मीटरच हवा. स्टार्टर फिरत असताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थ खराब समजावी. खराब अर्थमुळे चांगले सेन्सरही खोटे बोलू लागतात. तसेच गाडीतील युनिटे ज्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात, त्या कॅनच्या तारा स्कॅनरच्या सोळा पिनी सॉकेटमध्ये सहा आणि चौदा नंबरला येतात. बॅटरी सोडवून तेथे मोजले तर बहुतेक गाड्यांत सुमारे ६० ओहम मिळतात. १२० मिळाले तर एका बाजूची जोडणी तुटली असण्याचा संभव आहे. ही तपासणी पाच मिनिटांची आहे.

काही बांधव म्हणतात, हे सारे इंग्रजीत, आमचे शिक्षण कमी. आमचे उत्तर असे, की ज्या माणसाने पुस्तकाशिवाय गिअरबॉक्स उघडून जोडला, त्याला व्होल्ट, ओहम आणि शे-दोनशे शब्द जड नाहीत. दहावी झालेला मुलगा किंवा भाचा वायरिंगचा नकाशा वाचील, उस्ताद त्याचा अर्थ लावील. आयटीआयमध्ये मोटारींच्या इलेक्ट्रिकल व इलेक्ट्रॉनिक्स कामाचा स्वतंत्र ट्रेड आहे. शागीर्दाला तेथे अवश्य पाठवावे. चांगला स्कॅनर एकट्याला परवडत नसेल तर गल्लीतील चार गॅरेजवाल्यांनी मिळून घ्यावा.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. विजेवर चालणाऱ्या मोटारीतील नारिंगी रंगाच्या केबलमध्ये शेकडो व्होल्ट असतात. रीतसर प्रशिक्षण घेतल्याशिवाय तिला हात लावू नये. येथे अंदाजाची किंमत जिवाने मोजावी लागते.

हाताची कसब आपल्याकडे आहेच. त्याला मोजमापाची जोड द्या. आजपासून आपल्या गॅरेजचा एकच नियम असावा: मोजल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही.