कसे मूल चालेल?

आमच्या सौ.नी परवा बालसंरक्षण विभागाच्या बाईंना चांगलेच सुनावले. प्रश्न साधा होता : तुमच्या घराला कसे मूल चालेल? सौ. म्हणाल्या, "पोट्टं म्हणजे काय बैल हाय, दात पाहून घ्याले?" आमचे पांढुर्णा २०२३ पासून जिल्ह्याचे ठिकाण झाले असले, तरी बैलबाजाराची भाषा आमच्या तोंडून गेलेली नाही. उत्तर ऐकावयास गोड आहे. मला मात्र ते पटत नाही.

ज्यांना आईबाप नाहीत, किंवा असून सांभाळू शकत नाहीत, अशा सहा वर्षांवरील मुलांना बालगृहाऐवजी काही काळ एखाद्या कुटुंबात ठेवावयाचे, अशी तरतूद २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आहे. घराची पाहणी होते. मूल कोणाकडे द्यावयाचे ते बाल कल्याण समिती ठरविते. २०२४ पासून एकट्या माणसालाही असे मूल सांभाळावयास घेता येते. परंतु हे दत्तक नव्हे. आईची घडी बसली की मूल तिच्याकडे जावे, हाच पुष्कळदा मूळ हेतू असतो. ज्याला म्हातारपणाची काठी हवी असेल त्याने या वाटेला जाऊच नये.

कोणी म्हणेल, यात नवे काय? मामाकडे, मावशीकडे शिकावयास राहिलेली मुले आपल्या प्रत्येक घराण्यात निघतात. आमच्याकडेही एक होता. पस्तीस वर्षांपूर्वी चुलतभाऊ आजारी पडला, तेव्हा त्याचा बारा वर्षांचा मुलगा मी घरात कोणालाही न विचारता घेऊन आलो. माझा मुलगा तेवढाच, त्याच इयत्तेत. मग व्हावयाचे ते झाले. गुणपत्रके शेजारी शेजारी ठेवली जाऊ लागली. नवा सदरा एकाला, उतरलेला दुसऱ्याला. भांडण झाले की चूक कोणाची, हे आधीच ठरलेले. त्या पोराने वर्षभर आपले कपडे खुंटीला लावले नाहीत; पिशवीतच ठेवले. मी ते रोज पाहत होतो, आणि टापटिपीचा मुलगा म्हणून कौतुक करीत होतो! परीक्षा संपताच त्याला गाडीत बसवून परत पाठविले. का, ते सांगितले नाही. आणण्यापूर्वीच मी 'नाही' म्हटले असते, तर चार नातेवाईकांनी मला दगड म्हटले असते, एवढेच.

वर्ध्याकडच्या सिंधुताई सपकाळ २०२२ साली गेल्या. अनाथांची आई व्हावयाचे ठरविल्यावर त्यांनी पोटच्या मुलीला पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपतीच्या ट्रस्टकडे सोपविले. आपपरभाव होऊ नये म्हणून. त्यांच्यासारख्या बाईलाही त्या भेदाची भीती वाटली, आणि तो आमच्या ओसरीवर फिरकणारच नाही असे आम्ही समजतो!

तेव्हा या खेपेस आम्ही आपले घरच तपासावयास बसलो. मृग बहाराची संत्री फेब्रुवारीत उतरू लागली की घरची सारी माणसे दिवसभर बागेत. सतत कोणी उशाशी लागते असे आजारी मूल आमच्याने निभावणार नाही. हे लिहून देताना हात जड झाला, पण लिहिले. डोंगराकडचे मूल गोंडी बोलणारे असले तर अडचण नाही, कारण सूनबाईंनी तामियाकडे शाळेत नोकरी केली आहे. आणि गोटमार! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. डोकी फुटतात, माणसे दगावली आहेत. बापाचा मार खाऊन आलेल्या मुलाने हे आमच्या माडीवरून पाहावे काय? जन्म इथे गेला, पण बाईंनी विचारीपर्यंत मला हे सुचले नव्हते. त्या दिवशी सर्वांनी सूनबाईंच्या माहेरी सौंसरला जावयाचे, असे ठरले.

बाईंनी दोन नावे सुचविली होती. एक, नऊ आणि सात वर्षांच्या दोघी बहिणी, ज्यांची आई दवाखान्यात आहे. दुसरा, बारा वर्षांचा एक हुशार मुलगा. आमचा नातू अकरा वर्षांचा. बहिणींना घेऊ, पण दोघींना मिळूनच, एकीला नाही, असे आम्ही कळविले आहे. समितीचा निर्णय अजून व्हावयाचा आहे. मुलाला मी नकार दिला, तेव्हापासून सौ. माझ्याशी धड बोलत नाहीत.