गाडी धुतली, पण पुसायची कशी?

ईद जवळ आली की गल्लीगल्लीत गाड्या धुतल्या जातात. धुऊन झाल्यावर अनेकजण गाडी उन्हातच सोडून देतात. सोलापूरच्या उन्हात पाणी लगेच उडून जाते, पण त्यातले क्षार पांढरे डाग होऊन रंगावर बसतात. बोअरच्या जड पाण्याने तर हमखास. मग डाग काढायला पुन्हा बादल्या लागतात आणि आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येते.

म्हणून आम्ही सांगतो, गाडी सावलीत धुवा आणि लगेच टिपा. जुनी चादर किंवा बनियन नको. त्यात धूळ अडकली की ओरखडे उठतात. मायक्रोफायबरचे कापड उत्तम. ते नसेल तर भौगोलिक मानांकन मिळालेला आपला सोलापुरी टेरी टॉवेल आहेच. नवा असेल तर आधी एकदा धुऊन घ्या, म्हणजे पाणी चांगले शोषेल. शिवलेली किनार आत दुमडा. टपापासून खाली या. घासू नका, अलगद दाबा. खाली पडलेले कापड धुतल्याशिवाय वापरू नका. चाकांसाठी वेगळे कापड ठेवा. शेवटी दारे उघडून खालच्या कडा कोरड्या करा. पाणी साचले की गंज तिथूनच सुरू होतो.