झुंबर हॉलमध्ये, अंधार पायरीवर

जून ते सप्टेंबर गगनबावड्यात दुपार कधी झाली ते घड्याळ बघून कळतं. कोल्हापूर जिल्ह्यातला सर्वांत जास्त पावसाचा हा तालुका. करूळ आणि भुईबावडा घाटातून वर आलेलं धुकं थेट घरात शिरतं, सकाळी दहालाही दिवे लावावे लागतात. म्हणून घरात दिवा कुठला आणि कुठे, हा प्रश्न इथे नुसता शोभेचा राहत नाही. आज त्यावरच लिहितोय.

गेल्या पावसाळ्यात एक आजी खुब्याचं हाड मोडून आल्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, मुलाने हौसेने बांधलेलं नवं घर. हॉलला पीओपीचं छत, त्यात रंग बदलणारी पट्टी आणि मधोमध ‘इटालियन डिझाइन’ म्हणून घेतलेलं काचेचं झुंबर. हॉलमधून बाथरूमकडे जाताना दोन पायऱ्या उतरायच्या, तिथे मात्र दिवा नाही. आजी रात्री उठल्या, हॉलचं बटण दाबलं आणि पहिल्याच पायरीवर चुकल्या. नातेवाईक मला पुन्हा पुन्हा सांगत होते, ‘डॉक्टर, लाइट चालू होती हो.’

लाइट चालू होती, हे खरंच. पण वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि भिंग पिवळट, गढूळ होतं. साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्या तरुणाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. मग जास्त वॅटचा दिवा लावावा का? तर नुसतं तेवढं करून भागत नाही. मोतीबिंदूच्या भिंगावर उघड्या बल्बचा झोत पडला की तो आत विखुरतो आणि समोर पांढरा पडदा येतो. घाटातल्या धुक्यात गाडीचा अप्पर लावला की रस्ता दिसेनासा होतो, अगदी तसंच. त्यात आजींच्या पाठीमागे झुंबर, म्हणजे पायरीवर त्यांचीच सावली. अंधारापेक्षा हा उजेड फसवा, कारण माणूस बिनधास्त पाऊल टाकतो.

आता त्या ‘इटालियन’ शब्दाबद्दल. ज्या इटालियन दिव्यांची जगभर नक्कल होते, ते करणाऱ्यांनी आधी उजेड कुठे पडावा याचा विचार केला होता. कास्तिल्योनी बंधूंचा १९६२ मधला ‘आर्को’ घ्या. छताला भोक न पाडता जेवणाच्या टेबलावर वरून उजेड यावा म्हणून त्यांनी संगमरवरी ठोकळ्यातून पोलादी कमान काढली. ठोकळा सुमारे ६५ किलोचा, म्हणून त्याला आरपार छिद्र, त्यात झाडूचा दांडा घालून दोघांनी उचलावा. विको माजिस्त्रेत्ती यांचा ‘एक्लिसे’ १९६५ चा. एक्लिसे म्हणजे ग्रहण. आतली वाटी फिरवली की बल्ब हळूहळू झाकला जातो आणि उशाशी हवा तेवढाच उजेड उरतो. मला तर ही वस्तू एखाद्या डॉक्टरने सुचवावी अशी वाटते. बाजारात ‘इटालियन’ म्हणून मिळणाऱ्या मालात बहुतेक वेळा आकार येतो, विचार मात्र येत नाही. शोभेचा दिवा घेऊच नका, असं मी म्हणत नाही. घर बांधणं आयुष्यात एकदाच होतं, हौस असणारच. पण झुंबरावर वीस हजार घालणारा माणूस पायरीजवळच्या दोनशेच्या दिव्यासाठी ‘नंतर बघू’ म्हणतो, तेव्हा मला राग येतो.

झोपेचंही बघा. २०१५ पासून उजाला योजनेतून स्वस्त एलईडी बल्ब घराघरांत गेले, वीजबिल कमी झालं, चांगलंच झालं. पण आपल्याला पांढराशुभ्र उजेड म्हणजेच ‘लख्ख’ वाटतो, त्यामुळे झोपायच्या खोलीतही ६५०० केल्विनचा दिवा. आपल्या डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचं मुख्य काम मेंदूला दिवस-रात्र कळवणं. निळसर पांढऱ्या उजेडाला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात आणि रात्री झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन दबतं. २०२२ मध्ये या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी जे सुचवलं त्याचा सोपा अर्थ असा, की दिवसा भरपूर उजेड, झोपेआधीचे तीन तास मंद आणि झोपेत जवळजवळ काळोख. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो, झोपायच्या खोलीसाठी २७०० ते ३००० बघून घ्या.

दिवसाचा उजेड मात्र कुठलंही झुंबर देत नाही. ढगाळ दिवशीही बाहेर हजारो लक्स असतात, घरात दिवे लावून शे-दोनशे. पावसाळ्यात मरगळ येते, झोप येत नाही म्हणणाऱ्यांना मी आधी सांगतो, सकाळचा चहा पडवीत बसून घ्या, शाल गुंडाळून का होईना. आणि एलईडीने पडदा जळतो हा व्हॉट्सॲपवरचा संदेश पुढे पाठवू नका. घरातल्या साध्या बल्बने तसं होत नाही.

आज रात्री एक करा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या पलंगावर बसा, नेहमीसारखे दिवे बंद करा आणि तिथून बाथरूमपर्यंत चालत जा. बटण पलंगावरून हाताला लागतं का? कुठे बल्ब थेट डोळ्यांत येतो? कुठे तुमचीच सावली पायरीवर पडते? तिथे गुडघ्याच्या खाली, झाकलेला, पिवळसर, लहान दिवा लावा. पायरीच्या कडेला पांढऱ्या रंगाची पट्टी ओढा. आपल्याकडे पावसात वीज कधीही जाते, तेव्हा हा दिवा इन्व्हर्टरवर घ्या, किंवा उशाशी बॅटरी ठेवा.

आजींचं ऑपरेशन कोल्हापुरात झालं, आता त्या वॉकर घेऊन चालतात. परवा घरी बघायला गेलो तर पायऱ्यांजवळ दिवा बसला होता. झुंबरही होतंच, त्यातले अर्धे बल्ब काढून ठेवले होते.