भरण टिकते ते कडेवर

पूर्वी किडलेल्या दातात ‘चांदी’ भरीत असत. आता बहुतेक मंडळी दाताच्या रंगाचे, म्हणजे कंपोझिटचे भरण मागतात. ते शोभून दिसते. मात्र त्याचे आयुष्य रंगावर नव्हे, कडेवर अवलंबून असते. लोणच्याची बरणी कितीही जाड असो, झाकण घट्ट बसले नाही तर लोणचे बिघडतेच. तसेच हे आहे.

कंपोझिट म्हणजे राळेसारख्या द्रव्यात मिसळलेली काचेची अतिसूक्ष्म पूड. निळ्या प्रकाशाने ती घट्ट होते आणि घट्ट होताना साधारण २ ते ३ टक्के आकसते. या ओढीने भरण दाताच्या भिंतीपासून सुटले, तर बारीक फट पडते. तीतून लाळ व जंतू आत शिरतात. प्रथम थंड पाण्याने कळ येते आणि पुढे भरणाखालीच पुन्हा कीड लागू शकते. चांदीच्या भरणात गंजाचे कण कालांतराने अशी फट बुजवीत. कंपोझिटला ती सवलत नाही.

उपायाचा पाया अमेरिकन दंतवैद्य मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये घातला. दाताच्या कठीण आवरणावर आम्लप्रक्रिया केली, तर त्यावर सूक्ष्म खाचा पडतात व राळ त्यांत घट्ट रुतते, हे त्यांनी दाखविले. आज बहुधा ३७ टक्क्यांच्या आसपासचे फॉस्फरिक आम्ल काही सेकंद लावून धुतात. मग चिकटद्रव्य लावतात. या क्षणी लाळेचा स्पर्श झाला, तर पकड ढिली पडते. म्हणून काही दंतवैद्य दाताभोवती रबराचा पडदा बांधतात.

त्यानंतर नेहमीचे कंपोझिट एकदम न भरता सुमारे २ मिलिमीटरच्या थरांनी, शक्यतो तिरपे भरतात आणि प्रत्येक थरावर स्वतंत्र प्रकाश देतात. थर जाड असल्यास तळापर्यंत प्रकाश पोहोचत नाही. अलीकडे ४ मिलिमीटरपर्यंत एकदम भरता येणारी द्रव्येही मिळतात; परंतु कोरडेपणाची अट तीच. सर्वांत नाजूक जागा दोन दातांमध्ये, हिरडीलगत. तेथे वरचे आवरण पातळ असते किंवा नसतेच आणि आतल्या ओलसर भागावर पकड तुलनेने कमी. म्हणून तेथे कधी कधी तळाला ग्लास आयोनोमर नावाचे, दाताला रासायनिक रीत्या चिकटणारे द्रव्य घालतात.

आता हिशेबाचे बोलू. भाव विचारण्यात आपली व्यापारी मंडळी चोख. पण ‘दुकान उघडायचे आहे, लवकर आटपा’ हेही आपणच म्हणतो. घाई झाली की कोरडेपणा आणि थर, दोहोंना कात्री लागते. भरणाचा खर्च ते किती वर्षे टिकले यावर मोजावा. शिवाय भरण पूर्ण काढून बदलताना बहुधा थोडा निरोगी दातही कोरला जातो. म्हणजे मुद्दलच घटते. दोन-तीनदा असे झाले की गोष्ट रूट कॅनॉल आणि कॅपपर्यंत जाऊ शकते.

तेव्हा वेळ मोकळा ठेवून जावे आणि ‘दात कोरडा कसा ठेवणार, थरांनी भरणार का?’ असे निःसंकोच विचारावे. पुढे कडेशी दोरा अडकू लागला, अन्न रुतू लागले किंवा कळ टिकून राहिली, तर दाखवून घ्यावे. कडेवरचा प्रत्येक डाग म्हणजे कीड नव्हे. पुष्कळदा घासून किंवा तेवढीच दुरुस्ती करून काम भागते.