चाळिशीनंतरचा जोडीदार : चौकशी कोणी करायची?

पंचविशीतील मुलीचे लग्न ठरते, तेव्हा चौकशीसाठी सारे घर कामाला लागते. मामा मुलाच्या गावी जाऊन येतात, कार्यालयात कोणाची तरी ओळख निघते. हीच मुलगी घटस्फोटानंतर किंवा वैधव्यानंतर पंचेचाळिसाव्या वर्षी जोडीदार शोधू लागते, तेव्हा मात्र ती एकटी असते. मुले काय म्हणतील, या संकोचापोटी घरात कोणालाच काही सांगितलेले नसते. पुरुषांची स्थितीही फारशी वेगळी नाही. फसवणाऱ्यांचे फावते ते नेमके येथे.

संकेतस्थळांवरील फसवणुकीची रीत आता ठरून गेली आहे. परदेशातील डॉक्टर किंवा अभियंता अशी ओळख, काही आठवड्यांतच लग्नाचा शब्द आणि मग भेटवस्तू विमानतळावर अडकल्याचा फोन. सीमाशुल्क विभाग कोणाच्या खासगी खात्यावर पैसे भरायला सांगत नाही, हे त्या क्षणी सुचत नाही. अलीकडे पैसे मागण्याऐवजी गुंतवणुकीचा सल्ला दिला जातो. बनावट ॲपवर नफा दिसतो. तो काढू गेल्यास आधी ‘कर’ भरण्यास सांगितले जाते.

तथापि, प्रत्येक धोका टोळीचाच असतो असे नाही. ‘घटस्फोट झाल्यातच जमा आहे’, हे वाक्यही तितकेच घातक ठरू शकते. हिंदू विवाह कायदा, 1955 नुसार पहिला जोडीदार हयात असून विवाह कायम असेल, तर दुसरा विवाह मुळातच रद्दबातल ठरतो. त्यामुळे न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रत पाहणे आणि अपिलाची मुदत संपल्याची खात्री करणे यात अविश्वास नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 मध्ये पूर्वीचा विवाह लपवून लग्न करणाऱ्यास 10 वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. मात्र, शिक्षा झाली तरी गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.

विवाहविषयक संकेतस्थळांनी सदस्यांची ओळख पडताळावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने 2016 मध्ये जारी केली. पण ओळखपत्रावरून नाव कळते, स्वभाव नव्हे. सुटीच्या दिवशी हमखास न लागणारा फोन, घर दाखवण्याची टाळाटाळ, ‘आपल्यातच राहू दे’ असा आग्रह, मैत्रिणींविषयी नाराजी, सदनिकेच्या मालकीविषयी अवेळी कुतूहल ही लक्षणे कोणत्याही नोंदणीत दिसत नाहीत.

अर्थात, या वयात प्रत्येकाला भूतकाळ असतो आणि संकोचही असतो. संकोच आणि लपवाछपवी यांतील फरक प्रश्न विचारल्यावर कळतो. संकोची माणूस वेळ मागतो आणि नंतर सांगतो. लपवणारा मात्र प्रश्नावरच रागावतो.

पैसे गेलेच, तर 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार केल्यास रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. तेथेही आड येते ती लाजच. म्हणूनच खरी जबाबदारी घरच्यांवरही येते. आईने पुन्हा जोडीदार शोधणे हा मुलांच्या लेखी थट्टेचा विषय नसेल, तर ती मोकळेपणाने सांगेल. आणि मग चौकशीला मामा नसले, तरी मुलगी असेल.